गावातल्या घरी पीसीवर व्हीआर: हेडसेट निवडताना कानांचा आणि अर्थिंगचा विचार आधी करा

भाऊ, तुमचा प्रश्न असा आहे: तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या गावात राहता. घरी रायझेन ५ ५६०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड असलेला डेस्कटॉप आहे. युरो ट्रक सिम्युलेटर २ आणि मोटार शर्यतीचा असेटो कोर्सा खेळता, पुढे व्हीआरमध्ये, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट बांधून आपण गेमच्या आतच आहोत असं वाटायला लावणाऱ्या प्रकारात, हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स खेळायची इच्छा आहे. जवळ ब्लूटूथचे इअरबड आहेत. ओळखीतला एक जण जुना एचपी रिव्हर्ब जी२ हेडसेट स्वस्तात द्यायला तयार आहे. नेट मोबाईलचं आहे, विजेची लाईन येते-जाते. अशा ठिकाणी कोणता हेडसेट घ्यावा आणि आवाजासाठी काय वापरावं?

मी याच जिल्ह्यात तालुक्याच्या गावी १५ वर्षं कॉम्प्युटर जोडणी आणि दुरुस्ती करतो. गेल्या पाच वर्षांत गावागावांत जाऊन बरेच हेडसेट बसवून दिले आहेत. माझं उत्तर आधीच सांगतो, कारणं मग देतो. मेटा कंपनीचा क्वेस्ट ३ हेडसेट घ्या. पैसे पुरत नसतील तर क्वेस्ट ३एस. रिव्हर्ब घेऊ नका. इअरबड बाजूला ठेवा, वायरचे इअरफोन घ्या आणि ते कॉम्प्युटरला न लावता हेडसेटलाच लावा. आणि हे सगळं घरी येण्याआधी घराचं अर्थिंग तपासून घ्या.

सुरुवात आवाजापासून करतो, कारण लोक सगळा पैसा डोळ्यांवर घालतात आणि कानांसाठी घरात असेल ते लावतात. तुम्ही रात्री शेतात जागलीला गेला असाल. मिट्ट काळोख, तुरीत कुठेतरी खसखस होते आणि मान बरोबर त्याच दिशेला वळते, रानडुक्कर दिसण्याच्या कितीतरी आधी. डाव्या बाजूचा आवाज उजव्या कानाला फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन तृतीयांश इतका उशिरा पोचतो, थोडा बारीकही ऐकू येतो, आणि कानाच्या पाळीच्या घड्यांमुळे त्याचा बाज थोडा बदलतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा काढतो. व्हीआरचे चांगले गेम हाच हिशोब करून दोन्ही कानांत दोन वेगळे आवाज सोडतात, आणि तुम्ही मान वळवली की त्याच क्षणी तो हिशोब नव्याने करतात. आपण खरंच तिथे उभे आहोत असं मनाला पटतं ते यामुळे. माझ्या दुकानात एका पोराला डोळे मिटून हेडसेट घालायला लावला होता. अर्ध्या मिनिटात तो पूर्ण मागे वळला आणि म्हणाला, "आवाज मांगून येऊन रायला भाऊ!" चित्र त्याने अजून पाहिलंच नव्हतं.

आता ब्लूटूथ. साध्या ब्लूटूथ इअरबडमध्ये आवाज साधारण १५० ते २५० मिलिसेकंद उशिरा येतो. मोबाईलवर सिनेमा बघताना हे जाणवत नाही, कारण प्लेअर चित्रालाही तेवढंच मागे ठेवतो. गेमला तशी सोय नाही. बीट सेबर या तालावर ठोकळे कापायच्या गेममध्ये तलवार ठोकळ्यातून आरपार जाते आणि कापल्याचा आवाज नंतर येतो. असेटो कोर्सात गिअर बदलल्यावर इंजिनाचा सूर मागून पोचतो. मान वळवली तर आवाज क्षणभर जुन्याच जागी राहतो, मग सरकतो. काहींना यानेच गरगरायला लागतं आणि ते दोष चित्राला देतात. दुसरी अडचण लोकांना माहीतच नसते. विंडोजवर बहुतेक ब्लूटूथ इअरबडचा माइक चालू झाला की ते फोनच्या कॉलसारख्या पद्धतीत जातात आणि दोन्ही कानांत एकच चपटा आवाज येऊ लागतो. मित्राशी बोलत खेळायला लागलात की दिशाच गेली. इअरबड चांगले असतील, पण त्यांना गाण्यांसाठीच राहू द्या. बिनवायरचंच हवं असेल तर कॉम्प्युटरला खोचायचा स्वतःचा छोटा डोंगल येणारे २.४ गिगाहर्ट्झचे हेडफोन घ्यावेत, त्यांचा उशीर जाणवण्याइतका नसतो. तरी माझी पसंती वायरलाच.

वायर कुठे लावायची, यातही चूक होते. क्वेस्टला चित्र वाय-फायवरून किंवा यूएसबी केबलवरून जातं. दोन्ही प्रकारांत कॉम्प्युटर ते आधी दाबून लहान करतो, पाठवतो आणि हेडसेट ते उलगडतो. यात काही मिलिसेकंद जातात. आवाजही त्याच वाटेने त्याच वेळी जातो, म्हणून दोघांचा मेळ राहतो. तुम्ही हेडफोन कॉम्प्युटरच्या मागे खोचलात तर आवाज आधी आणि चित्र नंतर, शिवाय वायर पायात. म्हणून इअरफोनची पिन हेडसेटमध्येच हवी. क्वेस्ट ३ आणि ३एस यांच्यातला तुमच्यासाठी महत्त्वाचा फरक इथे येतो. क्वेस्ट ३ ला ३.५ मिलिमीटरची साधी गोल पिन लागते. ३एस ला ते भोकच नाही. त्यात टाइप-सी पिनचे इअरफोन वापरावे लागतात, आणि ते लावले की त्या पोर्टमध्ये कॉम्प्युटरची केबल लावता येत नाही. म्हणजे ३एस घेतला तर वाय-फायवरच खेळायचं, किंवा पट्टीतल्या अंगच्या स्पीकरवर समाधान मानायचं.

ते अंगचे स्पीकर वाईट नाहीत. क्वेस्ट ३ चे तर बरेच चांगले आहेत. कान मोकळे राहतात, घरात कोणी हाक मारली तर ऐकू येते, मोटर सुरू करायची वेळ झाली हेही कळतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मी स्वतः बरेचदा तेच वापरतो. पण आपल्याकडे मार्च संपला की खोलीत कूलर लागतो, आणि त्याच्या घरघरीत बारीक आवाज बुडून जातात. अ‍ॅलिक्समध्ये भिंतीपलीकडची चाहूल, ट्रकमध्ये मागच्या चाकाखालची खडी, यातलं काही पोचत नाही. आवाज वाढवला तर फक्त मोठे आवाज मोठे होतात. कूलरच्या दिवसांत कानाच्या आत बसणारे वायरचे इअरफोन हाच खरा उपाय. ते बाहेरचा गोंगाट अडवतात, कानावर गादी नसल्याने घाम येत नाही आणि हेडसेटच्या पट्ट्यात अडकत नाहीत. हजार-दीड हजारात खूप चांगले मिळतात. रबरी टोप्या तीन मापांच्या येतात, तुमच्या कानात घट्ट बसणारी निवडा. टोपी सैल असेल तर जड सूर निघून जातात आणि दोन्ही कानांचा तोल बिघडतो.

मोठे, कान झाकणारे बंद हेडफोन मी आपल्याकडे सुचवत नाही. क्वेस्ट ३ चं वजन ५१५ ग्रॅम आहे. त्यावर आणखी पाव किलो आणि कानांवर रेक्झिनच्या गाद्या. एप्रिलमध्ये पंधरा मिनिटंही काढवत नाहीत. मागून उघडी जाळी असलेल्या हेडफोनमध्ये आवाज फार मोकळा वाटतो, दिशाही सुंदर कळते. तुमची खोली शांत असेल आणि हिवाळ्यात खेळणार असाल तर सेनहायझर एचडी ५६०एस सारखा हेडफोन जरूर ऐकून बघा. पण त्याचा रोध १२० ओहम आहे, हेडसेटच्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरवर तो मोठ्याने वाजत नाही. तुमच्या पहिल्या खरेदीत तो मी धरणार नाही.

"७.१ सराउंड" लिहिलेल्या गेमिंग हेडफोनला भुलू नका. व्हीआर गेमने दिशेचा हिशोब आधीच केलेला असतो. त्यावर हेडफोनचं सॉफ्टवेअर पुन्हा आपला हिशोब चढवतं आणि आवाज दूर, पोकळ, हौदात बोलल्यासारखा होतो. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये स्पॅशियल साउंड बंद ठेवा, विंडोज सोनिक असो की डॉल्बी अ‍ॅटमॉस. साधा स्टीरिओ, ४८ किलोहर्ट्झ. आणि कॉम्प्युटरवर व्हीआर गेम चालवणाऱ्या स्टीमव्हीआर सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये आवाज हेडसेटकडेच जातोय ना ते पाहा, कारण बरेचदा तो मॉनिटरच्या स्पीकरकडे अडकलेला असतो आणि लोक हेडसेट बिघडला म्हणून घेऊन येतात.

आता चित्राकडे येऊ. क्वेस्ट ३ मध्ये प्रत्येक डोळ्याला २०६४ × २२०८ बिंदू, ३एस मध्ये १८३२ × १९२०. दोन्ही डोळ्यांचे मिळून क्वेस्ट ३ चे सुमारे ९१ लाख बिंदू होतात, तुमच्या साध्या फुल एचडी मॉनिटरच्या चौपटीहून जास्त. ७२ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ७२ चित्रं दाखवताना, एक चित्र तयार करायला कार्डाला १४ मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ मिळतो, ९० हर्ट्झवर साधारण ११. आरटीएक्स ३०६० ला हे पूर्ण झेपत नाही, पण झेपायची गरजही नाही. ७२ हर्ट्झ ठेवा, रिझोल्यूशनचा काटा थोडा खाली आणा, आरशांतली प्रतिबिंबं आणि सावल्या कमी करा. अ‍ॅलिक्स तर २०२० चा गेम आहे, त्याची किमान मागणी जीटीएक्स १०६० कार्ड आणि १२ जीबी रॅम एवढीच, तो तुमच्याकडे छान चालेल. युरो ट्रकचं व्हीआर अजून बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, म्हणून आहे आणि ते प्रोसेसरवर जास्त भार टाकतं. तिथे धीराने सेटिंग खाली आणावं लागेल.

मग कार्ड मध्यम असताना क्वेस्ट ३ का? भिंगांमुळे. ३एस मध्ये फ्रेनेल भिंगं आहेत, गोल गोल कंगोऱ्यांची. मधला भाग स्पष्ट दिसतो, कडेला धूसर होतं. क्वेस्ट ३ ची पॅनकेक भिंगं कडेपर्यंत स्वच्छ. तुम्ही बसून गाडी चालवणारे आहात. स्पीडोमीटर, डावा आरसा, उजवा आरसा यांवर नुसती नजर फिरवून काम झालं पाहिजे. ३एस मध्ये प्रत्येक वेळी अख्खी मान फिरवावी लागते. उभं राहून बीट सेबर खेळणाऱ्याला हा फरक फारसा जाणवत नाही, ट्रकवाल्याला पहिल्याच दिवशी जाणवतो. अमेरिकेत क्वेस्ट ३ ४९९ डॉलरला आणि ३एस २९९ डॉलरला निघाला होता. आपल्याकडे आयात केलेला माल मिळतो, त्यामुळे भाव चढा असतो. दुकानदाराकडून वॉरंटी कोण देणार, किती महिने, हे बिलावर लिहून घ्या. तोंडी शब्दावर मी एकदा एका गिऱ्हाइकाला माल आणून दिला आणि कंट्रोलर बिघडल्यावर दोघांनाही मनस्ताप झाला.

रिव्हर्ब जी२ ला नाही म्हणताना मला वाईट वाटतं, कारण त्याचं चित्र आजही चांगलं आहे (२१६० × २१६०) आणि कानापासून थोडे दूर राहणारे त्याचे स्पीकर मी ऐकलेल्यांत उत्तम आहेत. पण तो विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटी या विंडोजमधल्या सॉफ्टवेअरवर चालतो, आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ते काढून टाकलं. म्हणूनच असे हेडसेट आज स्वस्तात निघतात. एनव्हिडिया कार्डांसाठी ओएसिस नावाचा एक स्वतंत्र ड्रायव्हर आहे, त्याने ते पुन्हा चालतात. तरी केबल गेली तर नवी कुठून आणणार? त्याची केबल हीच त्याची दुखरी नस आहे. बसून खेळणाऱ्यासाठी प्लेस्टेशन व्हीआर २ हा खरा पर्याय आहे. ओएलईडी पडदा, रात्रीचा काळोख खरोखर काळा. ऑगस्ट २०२४ पासून त्याचा पीसी अडॅप्टर वेगळा मिळतो. त्याला डिस्प्लेपोर्ट १.४ लागतो, तो तुमच्या कार्डावर आहे. कंट्रोलर मात्र ब्लूटूथवर चालतात, तेव्हा चांगला ब्लूटूथ डोंगल हवा. त्यात स्पीकर नाहीत, कानात घालायचे इअरफोन सोबत येतात, ३.५ ची जागा आहे. पण तो सतत वायरीने कॉम्प्युटरला बांधलेला, आणि त्यामुळे पुढची गोष्ट त्याला जास्त लागू होते.

ती गोष्ट अर्थिंगची. गेल्या वर्षी एका गावात तक्रार आली की हेडफोनमध्ये सतत "हुंऽऽ" असा आवाज येतो. हेडफोन तीन बदलून झाले होते. मी गेलो, कॉम्प्युटरच्या डब्याला टेस्टर लावला, तर टेस्टरचा दिवा पेटला. बोटाची पाठ हलकेच फिरवली तर मुंग्या आल्यासारखी झिणझिण. सॉकेटला तिसरं भोक होतं, आत हिरवी वायरही होती, ती बोर्डाच्या मागे नुसती गुंडाळून ठेवलेली. अर्थिंग नसलं की एसएमपीएसमधले (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डबीतले) गाळणीचे कपॅसिटर डब्यावर जवळपास निम्मा दाब आणून ठेवतात. प्रवाह अगदी थोडा असतो, पण तीच घरघर ऑडिओच्या वायरीतून कानात उतरते. आणि वायरीचा हेडसेट म्हणजे तो डबा तुम्ही घामेजलेल्या चेहऱ्याला बांधता. परसात खड्डा घेतला, सळई गाडली, कोळसा-मीठ भरलं, जाड तार बोर्डापर्यंत आणली. दुपारी चारला तोच जुना हेडफोन लावला, अगदी शांत. हे काम वायरमनकडूनच करून घ्या आणि उन्हाळ्यात खड्ड्यात अधूनमधून पाणी घालत राहा. वाय-फायवर चालणारा क्वेस्ट बॅटरीवर असतो, त्यात ही घरघर येत नाही. मी त्याची बाजू घेण्याचं हेही एक कारण.

वाय-फाय म्हटलं की तुम्हाला नेटची चिंता वाटेल. इथे गावाचा फायदाच आहे. कॉम्प्युटर ते हेडसेट हा प्रवास घरातल्या राउटरपुरता असतो, त्याचा इंटरनेटच्या वेगाशी काही संबंध नाही. हवा फक्त ५ गिगाहर्ट्झचा राउटर, वाय-फाय ६ चा असेल तर उत्तम, आणि राउटर ते कॉम्प्युटर लॅनची वायर. राउटर खेळायच्या खोलीतच ठेवा. आपल्या जुन्या घरांच्या मातीच्या जाड भिंती ५ गिगाहर्ट्झला अडवतात. शहरात शेजारच्या पंधरा राउटरांची गर्दी असते, तुमच्या गल्लीत बहुधा एकटा तुमचाच असेल. असं स्वच्छ चॅनल पुण्यातल्या फ्लॅटवाल्याला मिळत नाही. त्यावर कॉम्प्युटरचं चित्र हेडसेटकडे पाठवायला स्टीम लिंक किंवा एअर लिंक वापरा, दोन्ही फुकट आहेत.

नेट लागतं ते गेम उतरवायला. अ‍ॅलिक्सला ६७ जीबी जागा लागते. दिवसाला २ जीबीच्या पॅकवर ते महिन्याहून जास्त चालेल. तालुक्याला कुणाकडे फायबर असेल तर तिथे कॉम्प्युटर नेऊन, किंवा एसएसडीवर उतरवून आणा. ३० एमबीपीएसवर पाच तासांचं काम आहे.

लाईनसाठी यूपीएस घ्या. तुमचा कॉम्प्युटर खेळताना ३०० वॅटच्या आसपास खातो. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो, काठावर पडतो. १००० किंवा ११०० व्हीएचा घ्या. त्यावर खेळत राहायचं नाही, गेम जतन करून बंद करायचा. राउटरही त्यावरच जोडा, नाहीतर लाईन जाताच चित्र गोठतं आणि डोक्यात एकदम हिसका बसतो. घरचा इन्व्हर्टर वापरणार असाल तर त्याच्या मागचं बटण यूपीएसवर आहे ना ते बघा, साध्या मोडवर बदलाच्या झटक्यात कॉम्प्युटर बंद पडतो.

खोलीबद्दल थोडं. उभं राहून खेळायला साडेसहा फूट बाय साडेसहा फूट मोकळी जागा लागते, आणि वर पंखा किती खाली आहे ते हात वर करून आधी बघा. क्वेस्टचे कॅमेरे भिंतीवरच्या खुणा पाहून आपली जागा ओळखतात. नुसता सपाट चुना मारलेल्या भिंतींत ते गडबडतात. एक-दोन कॅलेंडर, एखादा फोटो लावला की सुधारतं. काळोखातही ते नीट चालत नाहीत. ट्यूबलाइटखाली हात थरथरल्यासारखे दिसले तर सेटिंगमध्ये ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ करा, आपली लाईन ५० ची आहे.

घेण्याआधी चष्म्याच्या दुकानात दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजून घ्या. मोठ्या माणसांत ते सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं. क्वेस्ट ३ मध्ये चाक फिरवून ते हळूहळू जुळवता येतं, ३एस मध्ये ५८, ६३ आणि ६८ अशा तीनच जागा आहेत. चष्मा असेल तर नंबरची भिंगं वेगळी करून बसवता येतात, म्हणजे चष्म्याच्या काड्या इअरफोनलाही आड येत नाहीत. पहिले आठ दिवस पंधरा मिनिटांवर जाऊ नका. मळमळ सुरू झाली की त्या क्षणी काढा. सहन करून सवय होत नाही, उलट वाढते. समोर छोटा पंखा ठेवला तर बराच फरक पडतो. धाकटा भाऊ किंवा पुतण्या हट्ट करेल तर लक्षात ठेवा, मेटाने १० वर्षांखालच्या मुलांसाठी हा हेडसेट नाही असं म्हटलंय, आणि १० ते १२ वयाला आई-वडिलांच्या देखरेखीचं खातं लागतं.

ठेवताना एकच काळजी जिवापाड घ्या. भिंगं वर करून हेडसेट खिडकीत, ओसरीवर किंवा खाटेवर उन्हात ठेवू नका. लहानपणी आपण भिंगाने कागद जाळायचो, इथे तसंच होतं: ऊन भिंगातून आत जाऊन पडद्यावर एका ठिपक्यात गोळा होतं आणि तो जाळतं. मी पाहिलेल्या एका हेडसेटवर अशी पिवळसर वाकडी रेघ होती, सकाळी सूर्य जसा सरकला तशी उमटलेली. ती दुरुस्त होत नाही. भिंगं खाली करून, कापडाच्या पिशवीत, कपाटात ठेवा. पुसायला कोरडं मायक्रोफायबर, स्पिरिट किंवा काचेचा स्प्रे नको.

बाहुल्यांचं अंतर मोजलं की कळवा, आणि कॉम्प्युटरच्या डब्याला टेस्टर लावून काय होतं तेही. तार सैल निघाली तर पुढच्या बाजाराच्या दिवशी मी दारव्ह्याकडे येणारच आहे, खड्डा घेऊन ठेवा.